दूषित अंडी, साल्मोनेला आणि पीडितांचे कायदेशीर मार्ग : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अन्नातून झालेल्या विषबाधेचा दावा नुकसानभरपाईच्या इतर दाव्यांपेक्षा एका बाबतीत वेगळा ठरतो. मोटार अपघातानंतर मोडलेली मोटार शिल्लक राहते. कोसळलेल्या इमारतीचा ढिगारा पंचनाम्यासाठी जागेवर असतो. परंतु दूषित अन्नाच्या बाबतीत मुख्य पुरावा वादीने स्वतःच खाऊन संपविलेला असतो. अंड्याच्या बाबतीत ही अडचण अधिकच तीव्र होते. साल्मोनेला या जिवाणूची बाधा झालेल्या व्यक्तीला जुलाब, ताप आणि पोटातील पेटके यांचा त्रास सामान्यतः ६ तास ते ६ दिवसांच्या अवधीत सुरू होतो. तोपर्यंत अंड्याची टरफले कचऱ्यात गेलेली असतात आणि ज्या खोक्यातून अंडी आली ते खोकेही बहुधा टाकून दिलेले असते. रुग्णालयाचे बिल हाती असते, बुडालेला रोजगार डोळ्यांसमोर असतो. मात्र ‘हे कोणामुळे झाले?’ या न्यायालयाच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर देण्याजोगे काही जवळ राहत नाही.

दूषित अंड्यांमुळे आजारी पडलेल्या व्यक्तींना कोणते कायदेशीर मार्ग उपलब्ध होते, ते कसे विकसित झाले आणि प्रत्यक्षात त्यांचा कितपत उपयोग झाला, याचा ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीने आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. अभ्यासासाठी ब्रिटनमधील १९८८ चे अंडी-संकट आणि अमेरिकेतील २०१० चा साल्मोनेला उद्रेक ही दोन उदाहरणे प्रामुख्याने घेतली आहेत. भारतीय कायद्यातही याच स्वरूपाचे प्रश्न उपस्थित होत असल्याने अखेरीस त्याचा थोडक्यात विचार केला आहे. पीडिताचा हक्क कायद्याने बराच आधी मान्य केला, परंतु त्या हक्काला लागणारा पुरावा मात्र शासकीय नोंदी, खोक्यावरील खुणा आणि प्रयोगशाळा यांनी कालांतराने पुरविला, असे या अभ्यासातून दिसून येते.

स्वच्छ कवचाआडचा जिवाणू

साल्मोनेला हे नाव अमेरिकी पशुवैद्य डॅनियल साल्मन यांच्यावरून पडले. या गटातील पहिला जिवाणू १८८५ च्या सुमारास डुकरांमध्ये शोधण्याचे प्रत्यक्ष श्रेय त्यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांना दिले जाते. १८८८ मध्ये जर्मनीतील गेर्टनर यांनी आजारी गाईचे मांस खाऊन घडलेल्या विषबाधेच्या प्रकरणातून जो जिवाणू वेगळा केला, तो पुढे ‘साल्मोनेला एन्टेरिटिडिस’ म्हणून ओळखला जाऊ लागला. शंभर वर्षांनंतर अंड्यांच्या इतिहासात मध्यवर्ती ठरला तो हाच जिवाणू होय.

१९८० च्या दशकापर्यंत अंड्यातील धोका हा मुख्यतः कवचाचा धोका समजला जात असे. विष्ठेने माखलेले किंवा तडा गेलेले अंडे धोकादायक आणि स्वच्छ, अखंड अंडे सुरक्षित, अशी व्यावहारिक समजूत होती. अमेरिकेतील १९७० चा अंडी-उत्पादन तपासणी कायदाही तडकलेल्या अंड्यांच्या विक्रीवर नियंत्रण आणि फोडून साठविलेल्या द्रव अंड्यांचे पाश्चरीकरण यांवर भर देणारा होता. १९८८ मध्ये अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या समजुतीला धक्का दिला. ईशान्य अमेरिकेतील अनेक उद्रेकांचा संबंध ‘अ’ दर्जाच्या, म्हणजे स्वच्छ व अखंड कवचाच्या अंड्यांशी असल्याचे त्यात दाखविण्यात आले. बाधित कोंबडीच्या अंडाशयातून जिवाणू कवच तयार होण्यापूर्वीच अंड्यात शिरू शकतो, हे त्यानंतर स्पष्ट होत गेले. अशी कोंबडी आजारी दिसेलच असे नाही, आणि तिच्या अंड्याला वास, रंग वा चव यांतील फरकही जाणवत नाही.

या वैज्ञानिक शोधाचा कायदेशीर परिणाम महत्त्वाचा आहे. धोका कवचावर असेपर्यंत अंडे हाताळणारा दुकानदार आणि ते निवडून घेणारा ग्राहक यांच्यावर काळजीचा काही भार टाकता येत होता. धोका कवचाच्या आत आहे म्हटल्यावर दक्षतेचे खरे स्थान कोंबड्यांच्या खुराड्यात, म्हणजे उत्पादकाकडे सरकले.

पीडितापुढील तीन मार्ग

इंग्रजी परंपरेतील कायद्यात अशा पीडितापुढे तीन मार्ग क्रमाक्रमाने खुले झाले : कराराचा, निष्काळजीपणाचा आणि दोषनिरपेक्ष दायित्वाचा.

पहिला मार्ग कराराचा. विकलेला माल योग्य प्रतीचा आहे, अशी गर्भित हमी विक्रेता देतो, हे तत्त्व ब्रिटनच्या १८९३ च्या आणि पुढे १९७९ च्या मालविक्री कायद्यात आढळते. येथे विक्रेत्याचा दोष सिद्ध करावा लागत नाही, ही या मार्गाची जमेची बाजू होती. मात्र त्याचा लाभ ज्याने पैसे मोजले त्यालाच मिळे. मेजवानीत जेवलेला पाहुणा, आईने आणलेले अंडे खाल्लेले मूल किंवा रुग्णालयात दिलेले जेवण घेतलेला रुग्ण यांचा विक्रेत्याशी करार नसल्याने ते या संरक्षणाबाहेर राहत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१३ च्या ‘मॅझेटी विरुद्ध आर्मर’ खटल्यात अन्नपदार्थांपुरती ही अट शिथिल केली आणि थेट करार नसतानाही उत्पादकावर दावा लावता येईल असा निर्णय दिला.

दुसरा मार्ग ‘डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन’ या ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सच्या २६ मे १९३२ च्या निर्णयाने प्रशस्त झाला. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधील पेझ्ली येथे मैत्रिणीने विकत घेऊन दिलेल्या जिंजर बिअरच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली, अशी वादीची तक्रार होती. बाटली अपारदर्शक होती. त्यामुळे आत काय आहे हे दुकानदाराला किंवा पिणाऱ्याला पाहणे शक्य नव्हते. मधल्या टप्प्यावर तपासणीची वाजवी शक्यता नसेल, तर उत्पादक अंतिम ग्राहकाप्रती काळजी घेण्यास बांधील आहे, असे तत्त्व न्यायालयाने मांडले. अंड्याचे कवच म्हणजे निसर्गाने दिलेली अपारदर्शक बाटलीच होय. त्यामुळे हे तत्त्व अंड्याला चपखल लागू पडते. तथापि, या मार्गात उत्पादकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार वादीवर असतो. पोल्ट्रीच्या आत काय घडले याच्या नोंदी उत्पादकाच्या कपाटात आणि त्या मिळवून दोष दाखविण्याची जबाबदारी मात्र आजारी माणसावर, अशी ही स्थिती होती.

तिसरा मार्ग दोषनिरपेक्ष दायित्वाचा. माल सदोष होता आणि त्यामुळे इजा झाली एवढे दाखविले की उत्पादकाने किती काळजी घेतली होती हा प्रश्न येथे गौण ठरतो. अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटने १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कलम ४०२-अ ने या तत्त्वाला सुस्पष्ट रूप दिले. त्यावरील टिप्पणीत विषारी अळिंब्यांचे उदाहरण दिले आहे. न शिजविलेल्या, डबाबंद न केलेल्या, कोणतीही प्रक्रिया न झालेल्या अळिंब्या पुरविणाराही या नियमाखाली जबाबदार धरला जातो. अर्थात कच्चा शेतमालही या नियमातून सुटत नव्हता. युरोपमध्ये हे तत्त्व १९८५ च्या उत्पादन-दायित्व निर्देशाने आले आणि ब्रिटनने ते १९८७ च्या ग्राहक संरक्षण कायद्याद्वारे स्वीकारले. परंतु त्यात शेतमालाबाबत एक मोठी पळवाट ठेवण्यात आली होती.

ब्रिटनमधील १९८८ चे संकट

३ डिसेंबर १९८८ रोजी ब्रिटनच्या कनिष्ठ आरोग्यमंत्री एडविना करी यांनी देशातील बहुतांश अंडी-उत्पादन साल्मोनेलाने बाधित झाले असल्याचे विधान दूरचित्रवाणीच्या वार्ताहरांसमोर केले. विधानाची व्याप्ती अतिशयोक्त होती; तथापि कोंबड्यांमधील वाढता संसर्ग ही वस्तुस्थिती होती. अंड्यांची विक्री झपाट्याने कोसळली, उत्पादकांनी संताप व्यक्त केला आणि १६ डिसेंबर रोजी करी यांना पद सोडावे लागले. त्याच महिन्यात शासनाने अतिरिक्त अंडी खरेदी करण्याची आणि कोंबड्यांची संख्या कमी करण्याची योजना जाहीर केली. ही मदत उत्पादकांसाठी होती. आजारी पडलेल्यांना आपला मार्ग न्यायालयातून शोधणे भाग होते.

त्यांच्यासाठी तो मार्ग कितपत मोकळा होता? १९८७ च्या कायद्यातील उत्पादन-दायित्वाच्या तरतुदी १ मार्च १९८८ पासून, म्हणजे संकटाच्या नऊ महिने आधीच अमलात आल्या होत्या. मात्र औद्योगिक प्रक्रिया न झालेला शेतमाल त्यातून वगळलेला होता. युरोपीय निर्देशाने सदस्य राष्ट्रांना तशी मुभा दिली होती आणि ब्रिटनने ती घेतली होती. याचा परिणाम असा झाला की, कारखान्यात तयार झालेल्या मेयोनीजमुळे बाधा झाल्यास त्याच्या उत्पादकावर दोषनिरपेक्ष दायित्व येत होते. परंतु ज्या अंड्यातून जिवाणू आला ते अंडे विकणाऱ्या पोल्ट्रीमालकाला या तरतुदी लागू नव्हत्या. घरी उकडलेल्या वा तळलेल्या अंड्यामुळे आजारी पडलेल्याला पुन्हा १९३२ च्या मार्गाने जाऊन निष्काळजीपणाच सिद्ध करावा लागणार होता.

ही पळवाट बंद होण्यास एक तप लागले आणि त्यामागील तात्कालिक कारणही अंडी हे नव्हते. गाईंमधील ‘बीएसई’ रोगाच्या संकटाने अन्नावरील जनतेचा विश्वास ढासळल्यानंतर १९९९ च्या युरोपीय निर्देशाने कच्चा शेतमाल दोषनिरपेक्ष दायित्वाच्या कक्षेत आणला आणि ब्रिटनमध्ये हा बदल ४ डिसेंबर २००० पासून लागू झाला. दरम्यान १९९० च्या अन्नसुरक्षा कायद्याने फौजदारी बाजू बळकट केली होती. परंतु आरोपीला ‘योग्य ती सर्व दक्षता घेतली होती’ असा बचावही उपलब्ध करून दिला होता.

ब्रिटनमधील रोगनियंत्रणाचे यश मुख्यतः न्यायालयाबाहेरचे आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘लायन’ मानकाखाली कोंबड्यांचे लसीकरण बंधनकारक झाले आणि मानकातील अंड्यांच्या कवचावर सिंहाची मुद्रा उमटू लागली. २००४ पासून युरोपीय संघात अंड्याच्या कवचावर उत्पादकाचा सांकेतिक क्रमांक छापणे आवश्यक करण्यात आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या अन्न-मानक संस्थेने लायन मुद्रेची अंडी कच्ची किंवा अर्धवट शिजविलेली असली तरी गर्भवती, बालके व वृद्ध यांना चालतील असा सल्ला दिला. कवचावरील ती लहानशी मुद्रा आरोग्यरक्षणासाठी होती. पण अंडे कोणाचे, या न्यायालयीन प्रश्नाचे उत्तर प्रत्येक अंड्यावर लिहून ठेवण्याचे कामही अशा खुणांनीच केले.

अमेरिका : स्वयंपाकघराकडून पोल्ट्रीकडे

अमेरिकेत दायित्वाचा कायदा पीडिताला अधिक अनुकूल होता, तरी जबाबदारी स्वयंपाकघराकडे ढकलण्याची प्रवृत्ती तेथेही दिसते. १९७४ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने मांस व कोंबडीच्या वेष्टनावर साल्मोनेलाचा इशारा छापण्याची मागणी अमान्य केली. अन्न कसे शिजवावे हे गृहिणींना माहीत असते, असा त्या निर्णयामागील एक विचार होता. २००० च्या अखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कवचासह विकल्या जाणाऱ्या अंड्यांच्या खोक्यावर ‘बलक घट्ट होईपर्यंत शिजवावे’ अशा आशयाची सूचना आवश्यक केली. ही सूचना ग्राहकाच्या हिताची खरीच; परंतु खटल्यात तीच सूचना उत्पादकाच्या बचावाचे साधन ठरू शकते. अंडे अर्धवट शिजविले असेल तर चूक खाणाऱ्याची, असा युक्तिवाद तिच्या आधारे करता येतो.

या युक्तिवादाची मर्यादा दाखविणाऱ्या घटना आधीच घडलेल्या होत्या. १९८७ मध्ये न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात कच्च्या अंड्यांच्या मेयोनीजमधून ४०० हून अधिक रुग्णांना बाधा झाली आणि ९ रुग्ण दगावले. ताटात आलेले जेवण खाणाऱ्या या रुग्णांचा ते शिजविण्याशी काहीच संबंध नव्हता. १९९४ मध्ये आइस्क्रीमचे पाश्चरीकृत मिश्रण ज्या टँकरमधून नेण्यात आले, त्यांतून पूर्वी पाश्चरीकरण न झालेली द्रव अंडी वाहून नेली होती. त्यातून झालेल्या देशव्यापी उद्रेकात सुमारे २,२४,००० लोक आजारी पडले असावेत, असा अंदाज पुढे संशोधकांनी मांडला. आइस्क्रीम शिजवून खाण्याचा सल्ला कोणी कोणास देऊ शकत नाही.

पोल्ट्रीवर थेट बंधने घालणारा संघीय अंडी-नियम ९ जुलै २००९ रोजी प्रसिद्ध झाला. उंदीर-माश्यांचे नियंत्रण, खुराड्यांतील जिवाणूंची चाचणी आणि अंडे घातल्यापासून ३६ तासांनंतर सुमारे ७ अंश सेल्सियस तापमानात साठवण ही त्याची मुख्य सूत्रे होत. दरवर्षी सुमारे ७९,००० आजार व ३० मृत्यू टळतील, असा प्रशासनाचा अंदाज होता. ५०,००० किंवा त्याहून अधिक कोंबड्या असणाऱ्या उत्पादकांसाठी अंमलबजावणीचा दिनांक ९ जुलै २०१० हा होता. मात्र त्या दिवसापूर्वीच रोगाचा फैलाव सुरू झाला होता.

२०१० चा उद्रेक

मे २०१० पासून अमेरिकेत साल्मोनेला एन्टेरिटिडिसचे रुग्ण नेहमीपेक्षा वाढल्याचे दिसू लागले. शोध घेता घेता धागा आयोवा राज्यातील ‘राइट काउंटी एग’ व ‘हिलनडेल फार्म्स’ या दोन उत्पादकांपर्यंत पोहोचला. १३ ऑगस्ट २०१० पासून टप्प्याटप्प्याने सुमारे ५५ कोटी अंडी बाजारातून परत मागविण्यात आली. ही कृती उत्पादकांनी स्वेच्छेने केलेली होती. कारण अन्न परत मागविण्याची सक्ती करण्याचा सर्वसाधारण अधिकार त्या वेळी अन्न व औषध प्रशासनाला नव्हता. तो ४ जानेवारी २०११ रोजी संमत झालेल्या अन्नसुरक्षा आधुनिकीकरण कायद्याने मिळाला.

ऑगस्टअखेर प्रसिद्ध झालेल्या तपासणी-अहवालांत खुराड्यांखाली साचलेले, काही ठिकाणी ८ फुटांपर्यंत उंचीचे विष्ठेचे ढीग, उंदरांचा वावर आणि माश्या यांची नोंद आहे. २२ सप्टेंबर २०१० रोजी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली व तेथे आजारी पडलेल्या व्यक्तींनीही साक्ष दिली. समितीला मिळालेल्या कागदपत्रांनुसार २००८ ते २०१० या काळात राइट काउंटी एगच्या पोल्ट्रीतील शेकडो पर्यावरणीय नमुने साल्मोनेलासाठी सकारात्मक आले होते. दोष दाखविणाऱ्या या नोंदी उत्पादकाकडेच होत्या. एकट्यादुकट्या ग्राहकाला त्या मिळणे दुरापास्त होते. संसदीय चौकशीमुळे त्या उजेडात आल्या.

वैयक्तिक कार्यकारणसंबंधाचा प्रश्न मात्र तरीही कठीण राहिला. रोग नियंत्रण केंद्राने १ मे ते ३० नोव्हेंबर २०१० या काळात १,९३९ आजार या उद्रेकाशी संबंधित असावेत असे जाहीर केले. हा आकडा नावनिशीवार यादीतून आलेला नाही. या उद्रेकातील जिवाणूचा जनुकीय ठसा त्या काळच्या तंत्रानुसार देशात सर्वाधिक आढळणारा होता. त्यामुळे नेहमीच्या प्रमाणापेक्षा जादा आढळलेल्या रुग्णांची संख्या हाच आधार मानावा लागला. साथरोगशास्त्राला एवढे पुरेसे असते. न्यायालयात उभ्या असलेल्या एका माणसाचा प्रश्न वेगळा असतो : ‘मी त्या जादा आकड्यातला की नेहमीच्या आकड्यातला?’

अशा वेळी दाव्याचे बळ साध्यासुध्या गोष्टींवर अवलंबून राहिले. आजार अंगावर न काढता डॉक्टरांकडे जाऊन शौचाचा नमुना तपासून घेतला होता काय? प्रयोगशाळेने वेगळा केलेला जिवाणू शासकीय प्रयोगशाळेकडे पाठविला होता काय? खरेदीची पावती होती काय? आणि अंड्यांचे खोके जपले होते काय? परत मागविलेल्या अंड्यांची ओळख खोक्यावरील दोन खुणांवरून पटत होती : वेष्टन केंद्राचा क्रमांक आणि वर्षातील कितवा दिवस हे दर्शविणारा तीन अंकी आकडा. ज्यांच्याकडे असे पुरावे होते त्यांच्यासाठी दोषनिरपेक्ष दायित्व, गर्भित हमीचा भंग आणि निष्काळजीपणा असे तिन्ही आधार एकत्र घेऊन उत्पादकावर दावा लावणे शक्य होते. असे दावे चालविणारे वकील तेथे बहुधा मिळणाऱ्या भरपाईतील हिश्शाच्या बोलीवर काम करतात. त्यामुळे सामान्य माणसाला दावा लावणे परवडते. मात्र त्याच कारणाने पुरावा कच्चा असलेला दावा स्वीकारला जाण्याची शक्यता कमी असते.

मालकाची फौजदारी जबाबदारी

या प्रकरणाची फौजदारी बाजू वेगळ्या परंपरेतून आली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ च्या ‘डॉटरवाइक’ आणि १९७५ च्या ‘पार्क’ खटल्यांत असे ठरविले होते की, दूषित अन्न वा औषध बाजारात गेल्यास ते रोखण्याचा अधिकार असलेला वरिष्ठ अधिकारी व्यक्तिशः दोषी ठरू शकतो. त्याचा हेतू किंवा प्रत्यक्ष सहभाग सिद्ध करणे आवश्यक नाही. पार्क हे देशव्यापी किराणा साखळीचे अध्यक्ष होते आणि बाल्टिमोरच्या गोदामात उंदीर आढळल्यावरून त्यांना पाच आरोपांवर प्रत्येकी ५० डॉलर दंड झाला होता. रक्कम किरकोळ होती, तत्त्व मात्र दूरगामी ठरले.

३ जून २०१४ रोजी राइट काउंटी एगशी संबंधित ‘क्वालिटी एग’ या कंपनीने आणि तिचे प्रमुख ऑस्टिन (जॅक) डीकोस्टर व पीटर डीकोस्टर या पितापुत्रांनी गुन्ह्याची कबुली दिली. कंपनीच्या कबुलीत दोन बाबी विशेष लक्षणीय आहेत : शासकीय निरीक्षकाला लाच देणे आणि अंडी ताजी भासावीत म्हणून खोक्यांवर खोटे दिनांक घालणे. जी खूण पीडिताचा प्रमुख पुरावा ठरते तीच खोटी घातली जात असेल, तर हा गुन्हा केवळ व्यापारातील लबाडीचा राहत नाही. नागरिकाच्या न्यायाच्या मार्गावरील पाटीच त्यामुळे फिरविली जाते.

१३ एप्रिल २०१५ रोजी पितापुत्रांना प्रत्येकी ३ महिने कारावास व १ लाख डॉलर दंड, तर कंपनीला सुमारे ६७.९ लाख डॉलर दंड ठोठावण्यात आला. अंडी दूषित असल्याचे आपणास ठाऊक नव्हते, मग तुरुंगवास का, हा त्यांचा प्रश्न अपिलात गेला. जुलै २०१६ मध्ये आठव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने शिक्षा कायम केली आणि मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. याच खटल्यात पीडितांना देण्यासाठी ठरलेली भरपाई सुमारे ८३ हजार डॉलर होती. दिवाणी तडजोडींची रक्कम यात धरलेली नाही, हे मान्य केले तरी अंतर बोलके आहे. शिक्षा ठरविताना नोंद न झालेले रुग्ण धरून आजारी पडलेल्यांची संख्या सुमारे ५६,००० असावी, असा अंदाज न्यायालयापुढे होता. राज्यसंस्थेला दंड वसूल करण्यासाठी एकूण हानी पुरेशी होती. भरपाई मागणाऱ्या प्रत्येकाला मात्र आपली हानी स्वतंत्रपणे दाखवावी लागत होती.

पुढील काळात विज्ञानाने हे अंतर काहीसे कमी केले. १९९६ मध्ये उभारलेल्या ‘पल्सनेट’ या प्रयोगशाळांच्या जाळ्याने २०१९ पासून संपूर्ण जनुकीय क्रम वाचण्याची पद्धत प्रमाण मानली. या पद्धतीमुळे रुग्णाच्या शरीरातील जिवाणू आणि पोल्ट्रीत सापडलेला जिवाणू यांचे नाते पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक नेमकेपणाने सांगता येते. अर्थात त्यासाठी रुग्णाचा नमुना मुळात प्रयोगशाळेपर्यंत पोहोचलेला असला पाहिजे.

भारतीय कायद्याच्या संदर्भात

भारतात अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये संमत झाला व ५ ऑगस्ट २०११ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्याच्या कलम ६५ अन्वये असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजा झाल्यास ३ लाखांपर्यंत आणि इतर इजा झाल्यास १ लाख रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. मात्र त्यातील ‘प्राथमिक अन्न’ या संज्ञेची व्याख्या शेतकऱ्याच्या हातातील नैसर्गिक स्वरूपातील उत्पादन वगळून केलेली आहे. लहान शेतकऱ्याला जाचातून वाचविण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. तथापि या व्याख्येचे ब्रिटनच्या १९८७ च्या अपवादाशी असलेले साम्य नजरेत भरते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले आणि त्यातील ‘उत्पादन’ या संज्ञेतून शेतमाल वगळलेला नाही, ही स्वागतार्ह बाब होय.

पुराव्याच्या बाबतीत मात्र स्थिती विचार करायला लावणारी आहे. २००६ च्या कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहक शुल्क भरून अन्नाचे विश्लेषण करून घेऊ शकतो. परंतु तसा इरादा त्याने खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगितला पाहिजे. डझनभर अंडी घेताना ‘ही मी तपासून घेणार आहे’ असे सांगणारा ग्राहक विरळा. आजारी पडल्यावर तपासणीची गरज ज्याला भासते, त्याच्यासाठी ही तरतूद उशिरा उघडणाऱ्या दारासारखी आहे. कलम ३५ अन्वये अन्नविषबाधेच्या घटना कळविण्याचे बंधन डॉक्टरांवर घालण्याचा अधिकार अन्न प्राधिकरणाला दिलेला आहे. अशा नोंदींचे महत्त्व वरील इतिहासावरून स्पष्ट व्हावे.

निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, दूषित अंड्यांच्या पीडिताचा हक्क करार, निष्काळजीपणा आणि दोषनिरपेक्ष दायित्व अशा टप्प्यांनी विस्तारत गेला. परंतु शेतमालाला दिलेल्या सवलतीमुळे ब्रिटनमध्ये नेमक्या संकटकाळी तो तोकडा पडला. दुसरा, जिवाणू कवचाच्या आतही असू शकतो हे सिद्ध झाल्यावर जबाबदारीचा रोख ग्राहकाच्या स्वयंपाकघराकडून उत्पादकाकडे वळणे न्याय्य होते, आणि कायद्याने हे वळण सावकाश घेतले. तिसरा, हक्क असूनही भरपाई मिळणे हे कवचावरील क्रमांक, खोक्यावरील दिनांक, डॉक्टरांनी घेतलेला नमुना आणि शासकीय प्रयोगशाळेतील नोंद यांवर अवलंबून राहिले.

कायद्याचा इतिहास लिहिताना आपण साधारणतः निवाडे आणि अधिनियम यांच्याकडे पाहतो. अंड्यांच्या बाबतीत तेवढ्याच आदराने त्या तीन अंकी आकड्याकडेही पाहावे लागते. आजारी माणसाने खाऊन संपविलेला पुरावा त्याच्या वतीने कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला असेल, तरच त्याच्या हक्काला न्यायालयात अर्थ प्राप्त होतो.